विसाचा पासंग

काटेमास्तरांच्या बायकोचा रक्तदाब पंधरा दिवस उतरत होता आणि पंधराही दिवस तो घरातल्या वहीत ठीकठाक होता. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी मास्तरांबद्दल सांगायला हवं, कारण साध्यासुध्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. तिला चांगली अक्कल लागते.

मास्तर काटे दुरुस्त करायचे. दुकानांतले तराजू, गोदामांतले वजनकाटे, सोनारांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे. छत्तीस वर्षं हाच धंदा. बाजारातल्या एका जिन्याखाली त्यांची खोली होती, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी, आणि तिथल्या फळीवर मखमली डबीत त्यांची प्रमाण वजनं. ती पितळी वजनं ते कधी बोटांनी उचलत नसत, चिमट्याने उचलत. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं, म्हणायचे. लोक हसायचे, पण काटा अडला की त्यांच्याच दारात यायचे.

त्यांच्या धंद्यात एक शब्द आहे, पासंग. तराजूची दोन पारडी अगदी सारखी कधीच नसतात, एक जरा हलकं असतं. मग हलक्या बाजूला शिशाचा तुकडा नाहीतर तारेचं वेटोळं बांधायचं आणि दांडी सरळ करायची. तो तुकडा म्हणजे पासंग. लबाड दुकानदार पासंगाने गिऱ्हाईक बुडवतो, मास्तर पासंगाने खोटा काटा खरा करायचे. "चूक ठाऊक असलेला काटा खराच," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं, आणि ते पुरं व्हायच्या आतच बायको मान हलवून मोकळी व्हायची.

अलीकडे बाजारात आकडे उमटणारे काटे आले होते. त्यांना दांडी नाही, पारडं नाही, पासंग बांधायला जागा नाही. बिघडले की फेकून द्यायचे आणि नवे आणायचे. मास्तरांचं काम त्यामुळे निम्म्यावर आलं होतं, पण त्यांना खरा राग होता तो त्या हिरव्या आकड्यांचा. आकडा दिसतो पण तो आला कुठून ते दिसत नाही, म्हणजे तो भामटाच, असं त्यांचं स्पष्ट मत. असा एखादा आकडा खोटं बोलताना हातात सापडावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. देवाने नेमकी तीच पुरी केली.

बायको इस्त्रीच्या दुकानात कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अभ्रे, गठ्ठेच्या गठ्ठे. आठ तास उभं राहायचं. गुडघे कधीच कामातून गेले होते, पण दुखणं अंगावर काढायची सवय. औषधवाल्याकडून दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट आणायची आणि सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर दोन गिळायची, दुपारी आणखी दोन. मास्तरांना ते माहीत होतं. गोळी घेतली की ती चालायची, चालली की बरी आहे, असा हिशेब होता.

एक दिवस चादरीची घडी घालता घालता ती टेबलाला टेकली आणि तशीच घसरून खाली बसली. मालकिणीने तिला घरी पाठवलं. संध्याकाळी मास्तर तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर म्हातारे आणि बोलके होते. तिचा दाब आला वरचा शंभर, खालचा चौसष्ट.

"काही माणसांचा दाब मुळातच कमी असतो," डॉक्टर म्हणाले. "नव्वद-शंभरावर जन्म काढतात आणि ठणठणीत असतात. त्यांना काही करावं लागत नाही. पण यांचा माझ्याकडे गेल्या वर्षी एकशे वीस लिहिलाय. म्हणजे हा उतरलाय. का उतरला ते बघावं लागेल. पाणी भरपूर प्या, उठताना दमाने उठा, आणि घरी रोज मोजा. नव्वदच्या खाली गेला, किंवा अंधारी आली, गार घाम सुटला, धाप लागली, तर माझी वाट बघू नका. सरळ मोठ्या इस्पितळात जा. आणि तसं काही नसलं तरी आठवड्याने मला दाखवून जा."

मग त्यांनी मास्तरांकडे मान वळवली. "आलाच आहात तर तुमचाही बघू."

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. दंडाला पट्टा आवळला तसे त्यांचे कान तापले. वरचा एकशे बेचाळीस आला. डॉक्टर म्हणाले, "जरा जास्त आहे, पुन्हा कधीतरी बघू." मास्तरांनी तो आकडा मनात लिहून ठेवला. आकडा विसरणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला फोनवर कळलं तसं तिने तिसऱ्या दिवशी घरपोच एक यंत्र पाठवलं. पांढरी डबी, दंडाचा पट्टा, आणि पडद्यावर आकडे. मास्तरांनी खोका उघडला आणि तोंड वाकडं केलं. पण यंत्र घरात आलं की आधी त्याची परीक्षा घ्यायची, हा नियम. परीक्षेला प्रमाण वजन लागतं, आणि ते तर त्यांच्याकडे होतं. तीन दिवसांपूर्वी डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने मोजलेला, त्यांचा स्वतःचा एकशे बेचाळीस.

त्यांनी पट्टा बांधला, पाच मिनिटं शांत बसले, बटण दाबलं. एकशे बावीस. पुन्हा मोजलं. एकशे एकवीस. तिसऱ्यांदा, एकशे तेवीस.

मास्तरांचा चेहरा असा उजळला की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

"काय झालं?"

"वीस खातंय," मास्तर म्हणाले. "बरोबर वीस. तरी मी म्हणतच होतो."

रात्रीच्या जेवणाआधी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिलाही ऐकवलं. लेक म्हणाली, "बाबा, परत पाठवा, दुसरं मागवते." मास्तर म्हणाले, "कशाला? चूक ठाऊक असलेला काटा खराच. मी वीस मिळवून लिहीन." लेक हसली. "तुमच्या हातून काही सुटायचं नाही बाबा," म्हणाली, आणि तिला खरंच हायसं वाटलं. आईकडे लक्ष द्यायला असा माणूस घरात आहे, आणखी काय हवं.

मास्तरांनी वही केली. शाळेच्या वहीसारख्या तांबड्या रेघा मारल्या. तारीख, सकाळ, संध्याकाळ. वरच्या कोपऱ्यात लिहिलं, "नव्वदच्या खाली, इस्पितळ." कामचुकारपणा म्हणाल तर तसूभर नाही. मोजायच्या आधी बायकोला पाच मिनिटं बसवायचे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बोलू द्यायचे नाहीत. डॉक्टरलाही इतकं जमलं नसतं. आणि मग पडद्यावर आकडा उमटला की त्यात वीस मिळवून वहीत टाकायचे.

यंत्र म्हणालं अठ्ठ्याण्णव, वहीत गेलं एकशे अठरा. यंत्र म्हणालं चौऱ्याण्णव, वहीत एकशे चौदा.

"किती आलं?" बायको विचारायची.

"एकशे चौदा. उत्तम आहे."

"मग हे असं का होतंय मला? पायांत जीवच नाही."

"अंगात आळस भरला की तसं होतं. जरा हिंडफिर."

हे त्यांनी गमतीने म्हटलं होतं. बायकोने ते खरं मानलं. मास्तरांचा काटा आजवर चुकला नव्हता. आकडा चांगला आहे आणि आपल्याला मात्र उठवत नाही, याचा अर्थ खोट आपल्यातच आहे, असं तिने ठरवून टाकलं. ती पुन्हा कामाला जाऊ लागली. मालकिणीने विचारलं तर म्हणायची, "दाब उत्तम आहे हो. मीच मेली नाटकी."

आठवडा झाला. डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. बायको म्हणाली, "अहो, एकदा दाखवून यायचं का? परवा मोरीत मला अंधारी आली होती."

"नव्वदच्या खाली गेला तर जायचं ना? आपला एकशे आठ आहे," मास्तर म्हणाले. "उगाच बरं असलेलं माणूस नेऊन बसवायचं. तिथे खोकणारे दहा जण असतात."

त्या दिवशी यंत्राने अठ्ठ्याऐंशी सांगितलं होतं.

पडद्यावर आणखी एक आकडा यायचा, खाली, बारका, शेजारी बदामाचं चित्र. तो नाडीचा. मास्तरांनी त्याला वहीत रकानाच ठेवला नव्हता. आपल्याला दाब मोजायला सांगितलाय, नाडी नाही. तो आकडा पहिल्या दिवशी ब्याऐंशी होता, आठवड्याने शंभर झाला, मग एकशे बारा. तो रोज ओरडून सांगत होता आणि त्याला विचारायला कुणी नव्हतं. त्यात मास्तरांना कसलीच चूक सापडली नव्हती, म्हणूनच बहुतेक त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

बायकोचे ओठ पांढुरके दिसू लागले. जिना चढताना ती मधे दोनदा थांबायची. पंधराव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी तिचा हात धरला तर तो ओला आणि गार लागला. त्यांच्या काळजाचा ठोका चुकला. खरंच चुकला, मी काही मास्तरांना दगड म्हणत नाही. त्यांनी तिला लगेच बसवलं आणि दाब मोजला. यंत्र म्हणालं चौऱ्याहत्तर. म्हणजे चौऱ्याण्णव. नव्वदच्या वरच की. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. लेकीला फोनवर सांगितलं, "जरासा उतरलाय, पण हद्दीत आहे." लेक म्हणाली, "रविवारी येतेच मी." बायकोला त्यांनी मीठ-साखरेचं पाणी करून दिलं आणि तिने प्यालेला प्रत्येक घोट उभं राहून पाहिला. माया होती हो. मायेत काही कमी नव्हतं.

सोळाव्या दिवशी सकाळी यंत्राने आकडाच दाखवला नाही. पट्टा फुगला, सैल झाला, पुन्हा फुगला, आणि पडद्यावर नुसती चुकीची खूण आली. दुसऱ्यांदाही तेच.

आता ऐका. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते मास्तरांनी करून दाखवलं. त्यांनी सेल बदलले. तरी आकडा येईना, तेव्हा बारका पेचकस आणून डबी उघडली, सेलखालच्या पितळी पट्ट्या घासल्या, नळी फुंकून पाहिली. टेबलापलीकडे बायको खुर्चीत बसली होती, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, शिकवलेलं सगळं पाळून. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती बोलत नव्हती, कारण मोजताना बोलायचं नसतं.

वीस मिनिटं गेली. यंत्रात काही बिघाड नव्हता. तिच्या हातात त्याला मोजता येण्याजोगं काही उरलं नव्हतं.

"झालं बघ," डबी बंद करत मास्तर म्हणाले आणि त्यांनी मान वर केली, तर ती खुर्चीतून एका बाजूला कलली होती.

इस्पितळात पोचायला अर्धा तास लागला. तिला आत नेलं. मास्तरांच्या हातात पिशवी होती, पिशवीत वही आणि यंत्र. तासाभराने एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तरुण होत्या, डोळे जागरणाने सुजलेले.

"पोटात रक्तस्राव होतोय," त्या म्हणाल्या. "दुखण्याच्या गोळ्या खूप दिवस घेतल्यात त्यांनी. पोटात जखम झालीय. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, बारा दिवस. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"नाही," मास्तर म्हणाले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्या विषयावर त्या दोघांत कधी शब्द झाला नव्हता.

"घरी दाब मोजत होतात का?"

मास्तरांनी वही पुढे केली. अगदी सरळ, नीटनेटकी. डॉक्टरीणबाईंनी पानं उलटली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काल संध्याकाळी चौऱ्याण्णव? शक्यच नाही. इतकं रक्त गेलेल्या माणसाचा एवढा नसतो."

मग मास्तरांनी समजावून सांगितलं. वीसचा फरक, तीनदा केलेली परीक्षा, पासंग. सांगताना त्यांचा आवाज स्थिर होता. काही समजावून सांगायचं असलं की तो तसाच असायचा.

बाईंनी पिशवीतलं यंत्र काढून स्वतःच्या दंडाला बांधलं, एकशे सोळा आलं. मग भिंतीवरच्या इस्पितळाच्या यंत्रावर मोजलं, एकशे सतरा. मग तोच पट्टा मास्तरांच्या दंडाला बांधला. एकशे अडुसष्ट.

"दवाखान्यात आलं की तुमचा चढतो," त्या म्हणाल्या. "पुष्कळांचा चढतो, घाबरून. त्या दिवशीही चढला होता. घरी गेल्यावर उतरला. यंत्राने दोन्ही वेळा खरंच सांगितलं असतं. फरक तुमच्यात होता, काका."

मास्तर पट्ट्याकडे बघत राहिले. पितळी वजनाला ते बोट लावत नसत, घामाने खोटं होईल म्हणून. आणि इथे त्यांनी भ्यालेल्या, घामाघूम झालेल्या स्वतःलाच प्रमाण वजन धरलं होतं.

"नाडी?" बाईंनी विचारलं. "नाडी लिहिली नाहीत का? रक्त कमी पडायला लागलं की हृदय धावायला लागतं. दाब पडायच्या आधी तेच सांगतं."

"रकाना नव्हता," मास्तर म्हणाले.

"पहिल्या आठवड्यात आणलं असतंत तर," असं बाई म्हणाल्या आणि पुढचं त्यांनी गिळलं. पण मास्तरांना वाक्य अर्धं सोडलेलं चालत नसे, त्यांनी विचारलंच. तेव्हा त्या म्हणाल्या, "तर चार-पाच दिवसांत घरी गेल्या असत्या."

आता मात्र तसं नव्हतं. रक्त चढवत होते, नळी घालून जखम बंद करायचाही प्रयत्न झाला होता, पण इतके दिवस रक्ताविना राहून हृदयाने आणि मूत्रपिंडांनी हात टेकले होते. बाईंनी ते आडवळण न घेता सांगितलं. लेकीला पोचायला अजून सहा तास होते. पेशंटकडे तेवढे नव्हते.

"शुद्धीवर आहेत. जाऊन बसा त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या.

खोलीत पाच पलंग होते, मधे हिरवे पडदे. बायको खिडकीजवळच्या पलंगावर होती. दोन्ही हातांत सुया, एका बाटलीतून रक्त, दुसरीतून पाणी. डोक्यामागे यंत्र होतं, तिला न दिसणारं, आणि त्यावर हिरवा आकडा. बासष्ट. मास्तरांनी तो वाचला. त्यात काही मिळवायचं नव्हतं.

ते स्टुलावर बसले. तिने डोळे उघडले.

"तुमचं जेवण राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे."

"लाज वाटते हो मला. धडधाकट बाई मी, असं उचलून आणायला लावलं तुम्हाला." तिला दोन शब्दांमागे एकदा थांबावं लागत होतं. "तुम्ही रोज सांगत होतात, बरं आहे म्हणून. मलाच उठायचा कंटाळा. रोज स्वतःला शिव्या घालून उठायची मी."

मास्तरांना सांगायचं होतं. तू आळशी नव्हतीस. तू रोज अर्ध्या रक्तावर जिने चढलीस, चादरी उचललीस, मला चहा दिलास, आणि आळशी म्हणून घेतलंस, ते माझ्यामुळे. त्यांनी तोंड उघडलं. पण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं, तेव्हा त्यांनी तिची चादर सारखी केली.

"किती आलं आता?" तिने विचारलं.

मास्तरांनी आकड्याकडे पाहिलं. अठ्ठावन्न.

"एकशे वीस," ते म्हणाले.

आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून सांगितलेलं हे पहिलं खोटं माप. तिचा चेहरा उजळला, आणि क्षणभर त्यांना वाटलं की चला, एवढं तरी बरं केलं आपण.

"बघा," ती म्हणाली. "म्हणजे मी उगीचच झोपलेय."

आणि ती उठायला लागली. सुई असलेला हात तिने पलंगाच्या कडेवर टेकला, कोपर वाकवलं, मान उचलली. नळ्या ताणल्या. मास्तरांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली टेकवलं. जोर लावावाच लागला नाही.

"पडून राहा गं."

"दाब बरा आहे ना?"

"हो."

"मग सोडा की. अभ्र्यांचा गठ्ठा तसाच पडलाय. मालकीण बोलेल."

आता मास्तरांना दोनच गोष्टी सांगता येत होत्या. आकडा खोटा आहे, तू मरते आहेस. किंवा आकडा खरा आहे, ऊठ. त्यांनी दोन्ही सांगितल्या नाहीत. ते तिचे खांदे धरून बसून राहिले, आणि ती थोड्या थोड्या वेळाने, स्वतःवर चिडून, उठायचा प्रयत्न करत राहिली, दुपारी दोनपर्यंत.